डायोरामातलं रेझिनचं पाणी चिकट, दुधाळ किंवा बुडबुड्यांचं होतं: समस्या निवारण

लक्षणं

डायोरामा म्हणजे मॉडेलचा छोटा देखावा; त्यातलं पाणी एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून, ओतून करतात. ते ओतून दोन दिवस झाले, तरी बोट लावलं की ठसा उमटतो. किंवा पृष्ठभाग कडक झालाय, पण वर हात फिरवला की तेलकट लागतं. काही जागी दगडासारखं घट्ट आणि मध्येच एखादा मऊ डाग. तळाशी किंवा वरच्या थरात धुकं बसल्यासारखा पांढरेपणा. एकाच बिंदूतून वर येणारी बुडबुड्यांची माळ. पाण्यात ठेवलेल्या मॉडेलच्या कडेने फेसाची रेघ. रात्री काठोकाठ असलेली पातळी सकाळी दोन मिलिमीटर खाली. गवताच्या काड्यांवर आणि कडेच्या भिंतीवर रेझिन चढून बसलेलं.

यातलं एखादं लक्षण नव्या बाटलीनंतरही त्याच बेसवर पुन्हा दिसलं, तर बाटली बदलत बसू नका. दोष बहुतेक वेळा ओतण्याच्या आधीच बसलेला असतो: मापात, ओलाव्यात किंवा बेसच्या छिद्रांत. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आणि सोप्यापासून सुरू केल्या आहेत. पहिली तपासणी पुरी झाल्याशिवाय चौथीकडे उडी मारली, की चांगलं झालेलं पाणीही उगाच उकरलं जातं.

उदाहरणाला एकच देखावा धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. १/३५ स्केलचा पीटी-७६ तरंगता रणगाडा, काळ नोव्हेंबर १९७१, जागा बंगालातली गढूळ नदी. २०-२१ नोव्हेंबरला गरीबपूरच्या लढाईत भारताच्या १४ पंजाब या पायदळ पलटणीच्या जोडीला ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे पीटी-७६ होते. तो मुलूख कपोताक्ष, म्हणजे स्थानिकांच्या बोलीतल्या कबाडक नदीचा. रणगाड्याची हल, म्हणजे बुरूज वगळता खालचं धड, ६.९१ मीटर लांब आणि ३.१४ मीटर रुंद, म्हणजे या स्केलला साधारण १९७ बाय ९० मिलिमीटर. बेसचा पाण्याचा भाग ३०० बाय २०० मिलिमीटर धरला आहे.

आधी पुसून बघा, मग नख लावा

याला खर्च शून्य. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ फडकं ओलं करून पिळा आणि कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग पुसा. कोरडं झाल्यावर चिकटपणा गेला असेल, तर रेझिन नीट झालेलं आहे. वर बसला होता तो हार्डनरमधल्या अमाइनचा हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तयार झालेला पापुद्रा. मुंबई, कोकण, गोव्यात जुलै-ऑगस्टला हा हमखास येतो. सगळा भाग असाच पुसा, कोरडा करा, आणि पुढचा थर द्यायचा असेल तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासून घ्या. न पुसता वर दुसरा थर ओतला तर तो सुटून येतो किंवा मध्ये धुकं अडकतं, आणि मग ते काढायला मार्ग नाही. इथे थिनर वापरू नका. थिनरने पापुद्रा निघत नाही, पसरतो.

पुसूनही चिकट राहिलं तर नख रोवून बघा. नख रुततंय आणि सगळीकडे सारखंच रुततंय, तर संशय मापावर किंवा थंडीवर. फक्त डाग-डाग मऊ आहेत, तर ढवळणं कमी पडलं. कपाच्या कडेला आणि तळाला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन शेवटी कप खरवडताना देखाव्यात पडतं आणि तिथेच तो मऊ डाग राहतो. कप खरवडायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

दुधाळपणा वर आहे की आत, हेही फुकटात कळतं. धुरकट जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवून वरून बघा. थेंबाखाली स्वच्छ दिसलं तर दोष पृष्ठभागाचा; घासून पॉलिश केलं किंवा ग्लॉस व्हार्निशचा हात दिला की संपला. थेंबाखालीही पांढरंच दिसलं तर ओलावा आत आहे, आणि प्रकरण बेसपर्यंत जातं.

वेळ आणि तापमान

एपॉक्सी सुकत नाही, तिची रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते. त्यामुळे पंखा लावून फायदा नाही, धूळ मात्र बसते. २२ ते २८ अंश ही सोयीची खोली. पुणे-नाशिककडे डिसेंबरच्या रात्री घरातलंही तापमान बरंच उतरतं आणि चोवीस तासांचं काम तीन दिवसांवर जातं. सगळीकडे सारखं मऊ असेल तर आधी एवढंच करा: देखावा खोक्याने झाकून खोलीतल्या उबदार जागी आणखी ४८ तास ठेवा. खोक्यात ऊब द्यायची तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, आणि बल्ब लावलात तर तो पुठ्ठ्यापासून लांब हवा, समोर बसून राहायला हवं. किटचं पॉलिस्टायरिन उष्णतेने वाकतं. तोफेची नळी सगळ्यात आधी मान टाकते.

थंडीत घट्ट झालेलं रेझिन ओतलं तर बुडबुडे वर यायच्या आत अडकून बसतात. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी करून ठेवली की रेझिन पातळ होतं. फक्त रेझिनची बाटली, हार्डनरची नाही. दोन्ही गरम केले तर हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो. बाटलीच्या तळाशी साखरेसारखे कण दिसत असतील तर ते थंडीने स्फटिक झालेलं रेझिन आहे, खराब झालेलं नाही. गरम पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवा, मगच वापरा.

माप: सगळ्यात जास्त घोटाळा इथेच

बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं. ते आकारमानाने आहे की वजनाने, हे बारीक अक्षरांत असतं आणि वाचलं जात नाही. रेझिनची घनता साधारण १.१ आणि हार्डनरची १ च्या किंचित खाली. म्हणून आकारमानाचं २:१ वजनात धरलं तर १०० ला ४३ ते ४५ ग्रॅम येतं, ५० नाही. काट्यावर १०० ला ५० घातले की हार्डनर दहा-पंधरा टक्के जास्त पडतो. जास्त हार्डनर म्हणजे लवकर घट्ट, हा समज पॉलिएस्टर रेझिनवरून आलेला आहे. एपॉक्सीत हार्डनर उत्प्रेरक नसतो, तो क्रियेतला भागीदार असतो. उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि पाणी कायमचं चिकट होतं.

वजनकाटा कोणता, हेही बघा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. दहा मिलिलिटरच्या घाण्यात (एका वेळच्या मिश्रणात) हार्डनरच तीन ग्रॅम असतो, तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे एक तृतीयांश. छोटा घाणा करायचा असेल तर ०.१ ग्रॅमचा काटा घ्या, नाहीतर ५० मिलिलिटरच्या खाली मिश्रण करू नका.

आपल्या देखाव्याला किती लागतं? बेसचं क्षेत्रफळ ६०,००० चौरस मिलिमीटर, त्यातून हलने व्यापलेले १७,७०० वजा केले की ४२,३०० उरतात. चार मिलिमीटर जाडीला सुमारे १७० मिलिलिटर. दोन थरांत ओता. एका थराला ६० मिलिलिटर रेझिन आणि ३० हार्डनर पुरे. चार मिनिटं सावकाश ढवळा, काडी कपाच्या भिंतीला आणि तळाला टेकवून. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. फेटायचं नाही, हवा आत जाते.

ओतताना ओएचपी शीटच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, तुकड्यावर त्याच मिश्रणाचा दोन मिलिमीटरचा थर वेगळा टाकून ठेवा आणि तो देखाव्याशेजारीच ठेवा. देखाव्यातलं रेझिन घट्ट झालं का, याची साक्ष हा तुकडा देतो; कपात उरलेलं रेझिन साक्षीला चालत नाही. ढीग असल्यामुळे ते स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतं आणि खोटा दिलासा देतं.

बांध आणि पातळी

पातळी उतरली असेल तर दोनच वाटा आहेत: रेझिन बाहेर गेलं किंवा रणगाड्यात शिरलं. बाहेर गेलेलं टेबलावर दिसतं. ओतण्याआधीची तपासणी अशी: खोलीत अंधार करा, बांधाच्या (रेझिन अडवायला बेसभोवती उभारलेल्या भिंतीच्या) आत मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि बाहेरून सांधे बघा. उजेडाची रेघ दिसली तिथून रेझिन जाणार. पाणी भरून तपासू नका, बेस ओला होतो आणि नवीच आफत सुरू होते. तीन मिलिमीटरच्या अॅक्रिलिक शीटचा बांध, आतून ब्राउन टेप आणि बाहेरून सांध्यांना सिलिकॉन सीलंट, एवढं पुरतं. सिलिकॉन आतल्या बाजूला सांडू देऊ नका. त्याचा बोटभर डागही रेझिनला मागे सारतो आणि तिथे खड्डा पडतो.

आणखी एक स्वस्त उपाय: पहिला थर एक मिलिमीटरचाच ओता आणि घट्ट होऊ द्या. बारीक गळत्या तोच बंद करतो.

बेसचा ओलावा आणि छिद्रं

बुडबुड्यांची माळ एकाच बिंदूतून वर येते तेव्हा खाली छिद्र आहे. पीओपी, लाकूड, कॉर्क, फोम, माती आणि वाळू, सगळ्यांत हवा असते. रेझिन घट्ट होताना तापतं, आतली हवा फुगते आणि वर निघते, आणि ती ओतल्यावर तासाभराने निघते, त्यामुळे तेव्हा टेबलापाशी कोणी नसतं. उपाय सील करणं हाच आहे: ग्लॉस अॅक्रिलिक व्हार्निशचे दोन-तीन हात, किंवा निम्म्यास निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलचे. त्यावर रेझिनचा पातळ हात ब्रशने द्या. तो चिकट असतानाच, साधारण चार-सहा तासांनी, मुख्य थर ओतला तर घासावंही लागत नाही.

फेविकॉल मात्र पूर्ण वाळायला हवा. पांढरट दिसतोय तोवर आत पाणी आहे आणि तेच पाणी रेझिनच्या तळाला धुकं आणतं. पीओपी वरून कोरडं वाटतं, आतून आठवडाभर ओलं राहू शकतं. याची खात्री काट्याने होते: बेस आज तोला, उद्या त्याच वेळी तोला. वजन अजून उतरतंय तोवर ओतायचं नाही. पावसाळ्यात हे इतकं लांबतं की पीओपीऐवजी एक्सपीएस (दाट, घट्ट थर्माकोलसारखा) फोम वापरणं शहाणपणाचं.

फोमवरून आठवलं. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं फायबरकामाचं रेझिन पॉलिएस्टर असतं. त्यातलं स्टायरिन थर्माकोल आणि एक्सपीएस विरघळवतं, किटचं प्लॅस्टिकही खातं. स्वस्त आहे म्हणून ते आणू नका.

रंगामुळेही धुकं येतं. गढूळपणासाठी रेझिनमध्ये पाण्यावर आधारलेला अॅक्रिलिक रंग टाकला की रंगातलं पाणी आत जातं. त्याऐवजी कोरडं पिगमेंट किंवा ऑइल पेंटचा टाचणीच्या डोक्याएवढा गोळा, रॉ अंबरचा, आधी थोड्या रेझिनमध्ये खलून मग सगळ्यात मिसळा. जास्त टाकलं तर घट्ट होण्यावर परिणाम होतो. बेसवर ऑइल किंवा एनॅमलचा वॉश (पातळ केलेल्या रंगाचा हात) दिला असेल तर तो आठवडाभर वाळू द्या, शेवटी व्हार्निश मारा. ओल्या तेलावर रेझिन थेंबाथेंबाने फाटतं.

खरं म्हणजे बंगालच्या गढूळ नदीला जाड रेझिन लागतच नाही. खोली रंगाने द्यायची: मध्यभागी काळपट हिरवा-तपकिरी, काठाकडे मातकट पिवळा, दोन्हींच्या मध्ये एअरब्रशने विरत गेलेली कड. वर चार मिलिमीटर पुरतं. तळ दिसणारं निळं पाणी पाहिजे असेल तर प्रसंगच दुसरा निवडावा.

पोकळ हल

हलच्या कडेने फेसाची रेघ येते ती किटच्या पोकळीमुळे. चाकांच्या धुऱ्यांची भोकं, खालच्या-वरच्या हलचा सांधा, मागच्या जेटची (पाणी मागे फेकून रणगाडा चालवणाऱ्या नळ्यांची) तोंडं, सगळीकडून आतली हवा बाहेर येते आणि रेझिन आत जातं. सांधे पुट्टीने आणि पातळ सायनो ग्लूने (फेविक्विकसारख्या) बुजवा, पण वर एक हॅच किंचित उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा तिथून निघेल.

पूर्ण हल खोल रेझिनमध्ये ठेवायची असेल तर दुसरी अडचण आहे. १९७ बाय ९० ची हल २५ मिलिमीटर बुडाली तर चारशेहून जास्त मिलिलिटर रेझिन बाजूला सारते, म्हणजे तिला वर ढकलणारा जोर सुमारे साडेचारशे ग्रॅमचा. प्लॅस्टिकचं किट त्याहून हलकं असतं, आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेला रणगाडा रात्रीतून एका बाजूने उचलला जातो. बेसच्या खालून दोन स्क्रू हवेतच. गढूळ पाण्यासाठी याहून सोपं म्हणजे हल जलरेषेवर कापून सपाट बेसवर बसवायची. चाकं नाहीतरी दिसणार नाहीत.

जलरेषा ठरवताना आणि फेस काढताना एक गोष्ट बऱ्याच देखाव्यांत चुकते. पीटी-७६ पाण्यात पट्ट्यांनी चालत नाही, मागच्या दोन जलजेटनी चालतो. त्यामुळे खवळलेलं पाणी मागे दोन धारांत हवं, पट्ट्यांच्या बाजूने नको. पुढची पाणी अडवणारी फळी उभारलेली हवी. पाण्यातला वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास, म्हणून पुढची लाटही बेताचीच. दहा सेंटिमीटरची खरी लाट या स्केलला तीन मिलिमीटर. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पीटी-७६ ठेवलेला आहे, जेटची तोंडं तिथे जवळून बघता येतात.

लाटांसाठी अॅक्रिलिक जेल वापरता तेव्हा ते पांढरं दिसणं हा दोष नाही, ते वाळेपर्यंत तसंच असतं. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड लावलं तर वरून कातडी धरते आणि आत पांढरं कायम राहतं. अॅक्रिलिकचं ओतायचं तयार पाणीही एका वेळी तीन मिलिमीटरपर्यंतच आणि मध्ये चोवीस तास. यूव्ही (अतिनील उजेडाने घट्ट होणाऱ्या) रेझिनवरचा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की जातो. पण शेजारी अॅक्रिलिक रंग असेल तर तोही निघेल, तेव्हा फडकं जपून.

काड्यांवर रेझिन चढतं ते केशाकर्षणाने. गवत ओतल्यानंतर लावा, अर्धा मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून. आधीच चढलं असेल तर काडीला मॅट व्हार्निश, कडेची उंच झालेली किनार वॉटर पेपरने सपाट.

दुरुस्ती, जमेल तिथवर

पृष्ठभाग चिकट पण नख रुतत नाही: साबणपाण्याने पुसून, घासून, वर बरोबर मापाचा एक मिलिमीटरचा थर. डाग मऊ: ते डाग ब्लेडने घट्ट रेझिन लागेपर्यंत खरवडून काढायचे, कारण खालचं ओलं रेझिन वरच्या थराने कधीच घट्ट होत नाही. बुडबुडे वर आलेले: सुईने फोडून, खड्डा टूथपिकने रेझिनचा थेंब टाकून भरा. लायटर किंवा हीट गन उघड्या रेझिनवर ठीक, रणगाडा आणि गवत शेजारी असेल तर अजिबात नाही. आतले बुडबुडे जेटच्या धारेजवळ असतील तर वर पांढरा फेस काढून मोकळे व्हा.

सगळंच मऊ, साक्षीचा तुकडाही मऊ: माप चुकलेलं आहे. ४८ तासांच्या उबेनंतरही तसंच असेल तर सगळं काढावं लागेल. हल स्क्रूवर असेल तर ती आधी सोडवता येईल.

इथे थांबा

कप हातात तापायला लागला, धूर किंवा उग्र वास आला, तर तो घाणा ओतू नका. कप उघड्यावर फरशीवर ठेवा, कचऱ्याच्या डब्यात नाही आणि मोरीत तर नाहीच. जाड ओतण्यासाठी न बनवलेलं रेझिन सहा मिलिमीटरपेक्षा जाड ओतलं तरी हेच होतं: पिवळेपणा, तडे, वितळलेलं किट.

हातावर, पापण्यांवर किंवा मनगटावर खाज, लाल चट्टे किंवा सूज आली तर काम बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. दम लागला किंवा छातीत घरघर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. एपॉक्सीची अॅलर्जी एकदा बसली की पुढच्या वेळी अगदी थोड्या संपर्कानेही उठते, त्यामुळे हातमोजे बदलून परत सुरू करणं हा उपाय नाही. नायट्राइलचे मोजे, उघड्या खिडक्या आणि घासताना धुळीचा मास्क पहिल्या दिवसापासून हवेत.

एक लिटरच्या वर किंवा पाच सेंटिमीटरपेक्षा खोल ओतायचं असेल, आत एलईडीच्या तारा असतील, किंवा दुसऱ्याच्या मालकीचं जुनं मॉडेल असेल तर रिव्हर टेबल (लाकडात रेझिन ओतलेलं टेबल) किंवा रेझिन कास्टिंग करणाऱ्या कार्यशाळेत काम द्या. त्यांच्याकडे खोल ओतण्याचं रेझिन आणि तापमान सांभाळायची सोय असते. प्रेशर पॉटमध्ये (हवेच्या दाबाने बुडबुडे दाबणाऱ्या भांड्यात) पोकळ किट घालू नका असं त्यांना स्पष्ट सांगा, हल चेपते. जाताना रेझिनचं नाव, वापरलेलं प्रमाण, ते वजनाने की आकारमानाने, ओतल्याची तारीख आणि ओएचपी शीटवरचा साक्षीचा तुकडा सोबत न्या.